ड्रिल मशीनची लायब्ररी: अवजारं उसनी देणारं केंद्र कसं चालतं आणि कोल्हापूरला ते का हवं?

घरात एक फ्रेम टांगायची असते. हातोडीनं खिळा ठोकला की प्लास्टर सुटतं, खिळा वाकतो आणि फ्रेम परत कपाटावर जाऊन बसते. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, कुणाचं तरी ड्रिल आण की." शेजारी ड्रिल असतं, पण त्याचं बिट मोडलेलं असतं. मिस्त्रीला फोन केला तर तो एका भोकासाठी येत नाही. त्याचंही काही चुकत नाही, पेट्रोल जाळून पन्नास रुपयांचं काम करायला कोण येणार? शेवटी दोन-तीन हजारांचं मशीन ऑनलाइन मागवलं जातं, चार भोकं पडतात आणि ते माळ्यावर जातं.

एक ड्रिल उभ्या आयुष्यात किती मिनिटं चालतं, याचे आकडे सोशल मीडियावर फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नका. तुमच्या घरातल्या ड्रिलनं गेल्या वर्षभरात किती भोकं पाडली तेवढं आठवा, मुद्दा लक्षात येईल.

यावर एक जुना उपाय आहे. पुस्तकं जशी लायब्ररीतून आणतो तशी अवजारं आणायची. जगात याला टूल लायब्ररी म्हणतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रोस पॉइंट या गावी रोटरी क्लबनं १९४३ मध्ये असं केंद्र सुरू केलं होतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात १९७९ पासून सार्वजनिक ग्रंथालयच अवजारं देतं. कार्ड दाखवायचं, शिडी घेऊन जायची, ठरलेल्या दिवशी परत आणून द्यायची.

कोल्हापूरकरांना ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. पावणेदोनशे वर्षं या शहरात लोक दुसऱ्याच्या मालकीची वस्तू घरी नेतात, वापरतात आणि परत आणून देतात. फक्त ती वस्तू पुस्तक असते.

चालतं कसं?

वरून पाहिलं तर सगळं सोपं आहे. वर्षाची वर्गणी भरायची, अनामत ठेवायची, आठवडाभरासाठी अवजार न्यायचं, उशीर झाला तर दंड. खरी गंमत बारकाव्यांत आहे.

पुस्तक वापरल्यानं बोथट होत नाही. पटाशी होते. रंध्याचं पातं, करवतीचे दात, ड्रिलचं बिट प्रत्येक वापरात झिजतं. त्यामुळं नीट चालणाऱ्या केंद्रात एक नियम हटकून असतो: मशीन केंद्राचं, झिजणारा भाग तुमचा. ड्रिल उसनं मिळेल, बिट विकत घ्या. ग्राइंडर मिळेल, चकती स्वतःची आणा. हा नियम पाळला नाही की पहिल्या सहा महिन्यांत सगळी हत्यारं बोथट होतात, लोक यायचे बंद होतात आणि केंद्राचं भंगारचं दुकान होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे परत आलेलं अवजार तपासणारा माणूस. वायर सोललीय का, चक घट्ट बसतोय का, मशीन सुरू केल्यावर जळका वास येतोय का, हे त्याला दोन मिनिटांत कळलं पाहिजे. रजिस्टर कोणीही लिहील. हा माणूस मिळणं अवघड, आणि केंद्र चालणार की बंद पडणार हे बहुतेक त्याच्यावरच ठरतं.

तिसरी गोष्ट, सगळंच बाहेर द्यायचं नसतं. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला साधारण अकरा हजार फेरे घेतो. त्यावर चुकीची चकती लावली, किंवा लोखंड कापायच्या मशीनला लाकडाची दातेरी चकती बसवली, की ती अडकून उसळते आणि मशीन हातातून सुटतं. बोटं जायला सेकंदही लागत नाही. अशी मशीन केंद्रातच, कुणाच्या तरी नजरेखाली वापरायची. घरी न्यायची ती शिडी, पाने, पकड, हातकरवत, शिकंजे, ओळंबा, लेव्हल आणि ड्रिल.

अवजार मिळालं, पण हाताचं काय?

ड्रिल घरी आणलं म्हणजे भोक पडतं असं नाही. ज्यानं कधी ते हातात धरलेलं नाही त्याच्या हातून काय होतं पाहा. तो लोखंडाचं बिट काँक्रीटला लावतो. बिट लाल होतं, टोक जातं, भिंतीवर नुसता ओरखडा. सिमेंट-विटांसाठीचं बिट वेगळं असतं, त्याच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो. ते हातात आलं तरी हॅमरचं बटण कधी चालू ठेवायचं हे माहीत नसतं. लाकडाला हॅमर नको. टाइलला सुरुवातीला तर नकोच, आधी चिकटपट्टी लावून साध्या फिरण्यानं खूण पाडायची, टाइलचा थर ओलांडला की मग हॅमर. आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडायचं नाही, कारण भिंतीतली वायर बहुधा त्याच रेषेत असते.

हे सगळं मिळून अर्ध्या तासाचं ज्ञान आहे. पण ते सांगणार कोण? म्हणूनच अशी केंद्रं उसनवारीसोबत नवशिक्यांचे छोटे वर्गही घेतात. अनेक ठिकाणी वर्ग केल्याशिवाय मोठं मशीन मिळत नाही.

चांगल्या वर्गात पहिला अर्धा तास मशीन चालूच होत नाही. डोळ्यांना चष्मा, केस बांधलेले, ओढणी किंवा सैल बाही आवरलेली. हातमोजे मात्र काढायला लावतात, आणि नवखा माणूस इथंच चक्रावतो. त्याला वाटतं हातमोजा म्हणजे सुरक्षा. फिरत्या बिटात हातमोज्याचा दोरा अडकला तर मशीन पूर्ण हात ओढून घेतं. उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरला विचारा, तो लेथवर हातमोजे घालून उभा राहत नाही.

पहिला वर्ग कशाचा असावा यालाही विचार लागतो. महाराष्ट्रात नवशिक्यांसाठीची सगळ्यात ओळखीची कार्यशाळा म्हणजे शाडूचा गणपती. गणेशोत्सवाआधी कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत अशा कार्यशाळा होतात आणि कधी माती न मळलेली माणसं दोन-तीन तासांत मूर्ती घरी नेतात. हे जमतं कारण माती चूक पोटात घेते. सोंड मोडली तर परत लावता येते. लाकूड ही सवलत देत नाही, एकदा आखूड कापलेली फळी लांब होत नाही. चामडं त्याहून कडक. कोल्हापुरी चपलेचा तळ रापीनं कापताना हात घसरला की तो तुकडा गेला, आणि बाभळीची साल-हिरडा वापरून कमावलेलं चामडं स्वस्त नसतं. म्हणून शिकवणाऱ्यानं क्रम लावायचा असतो: आधी माती, मग लाकूड, मग पत्रा आणि चामडं. चामड्याच्या पहिल्या वर्गात चप्पल करायला लावणं म्हणजे पोराला पहिल्याच दिवशी पंचगंगेच्या मधोमध सोडण्यासारखं. किल्ल्या अडकवायचा पट्टा करू द्या, आरीनं चार टाके घालू द्या.

कोल्हापुरात सामायिक अवजार नवीन नाही

जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे सगळं ऐकून हसू येईल. नदीवरून पाणी उचलून शेतात न्यायचं तर पंप, पाइपलाइन, वीजजोडणी हा खर्च दोन-तीन एकरवाल्याला एकट्याला झेपत नाही. म्हणून पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठानं सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या. पंप सगळ्यांचा, पाळी ज्याची त्याची. पंप हेही अवजारच, फक्त मोठं.

पैरा तर त्याहून जुना. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझी माणसं, मध्ये पैसा नाही. आता त्याच गरजेचं सरकारी रूप म्हणजे अवजारे बँक. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून २०१४-१५ पासून शेतकरी गट, संस्था यांना ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र घेऊन ती भाड्यानं देण्यासाठी अनुदान मिळतं.

म्हणजे शेतात सामायिक अवजाराची सवय आहे. शहरातल्या घरात ती नाही. आणि गंमत अशी की हेच शहर हातानं वस्तू करण्यात मुरलेलं आहे. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनपासून सुट्या भागांपर्यंत काय काय घडलं, आणि आजही शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतलं ओतकाम देशभर जातं. त्याआधीचं उदाहरण तर सिनेमाचं आहे. बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. त्यांनी आणि चुलतभाऊ आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा चंग बांधला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. मग बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. हे दामले म्हणजे पुढं 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक. कॅमेरा कसा बनवतात याचा वर्ग त्यांना कुणी घेतला नव्हता. पण घरात हत्यारं होती आणि ती चालवणारे हात होते.

आता 'घरात हत्यारं होती' या वाक्यावर थोडं थांबू. ती सगळ्यांच्या घरात नव्हती. रंधा सुताराच्या घरात, भाता लोहाराच्या, चाक कुंभाराच्या, आरी-रापी चांभाराच्या. बलुतेदारीत अवजार आणि जात एकत्र यायचे. कौशल्य बापाकडून मुलाकडं जायचं. मुलीकडं आणि बाहेरच्याकडं सहसा नाही. उद्यमनगरानं हे बरंच सैल केलं, तिथं कुठल्याही घरातलं पोर मिस्त्रीच्या हाताखाली राहून लेथ शिकलं. पण त्यासाठी पोरानं तिथं नोकरीलाच राहायला हवं. बँकेतली कारकून, निवृत्त मास्तर, दोन मुलांची आई यांना शनिवारी दोन तास काही शिकायचं असेल तर कुठं जायचं? कळंब्याच्या आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम आहेत, पण ते दोन वर्षांचे, पूर्ण वेळाचे, नोकरीसाठीचे. मध्ये कुठलाही दरवाजा नाही. मला तरी टूल लायब्ररीचं खरं काम इथं दिसतं. पैसे वाचतात ते वाचतातच, पण अवजार पहिल्यांदा अशा माणसाच्या हातात जातं ज्याच्या घरात ते कधीच आलं नसतं.

पाबळमध्ये काय केलं?

असा दरवाजा महाराष्ट्रात एका ठिकाणी चाळीसेक वर्षांपासून उघडा आहे, आणि त्याचं एक टोक कोल्हापूर जिल्ह्यात आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे देशातले मोठे शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी १९४८ मध्ये भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच संस्थेचं एक केंद्र म्हणून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू झाला. सुरू करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून या दुष्काळी गावात राहायला आले होते.

तिथं शाळा सोडलेली, नापास झालेली मुलं येतात आणि वर्षभर राहून चार अंगांनी शिकतात: वेल्डिंग-सुतारकाम-बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती-पशुपालन, आणि अन्नप्रक्रिया-आरोग्य. मुलगा वेल्डिंग शिकतो ते गावातल्या कुणाचं तरी खरोखरचं गेट बनवून. गिऱ्हाईक पैसे देणार असतं, त्यामुळं गेट वाकडं झालेलं चालत नाही. याच पद्धतीवर त्यांनी शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय तयार केला. त्यात शिकवायला गावातलेच कारागीर येतात आणि मुलं गावाला छोट्या सेवा देतात.

२००२ मध्ये पाबळला फॅब लॅब आली. अमेरिकेतल्या एमआयटीची ही कल्पना: लेझर कटर, संगणकावर चालणारी यंत्रं सामान्य माणसाला वापरू द्यायची. एमआयटीबाहेर जगात जिथं पहिल्यांदा अशा लॅब उभ्या राहिल्या त्यांत पाबळ आहे. शहरी रूपात हेच मुंबईत २०१३ मध्ये मेकर्स असायलमनं केलं, पुढं ते गोव्यात गेलं.

पाबळकडून घ्यायची गोष्ट माझ्या मते लेझर कटर नाही. शिकवणारा माणूस गावातला आहे आणि शिकणाऱ्याच्या हातून निघालेली वस्तू कुणाच्या तरी उपयोगाची आहे, या दोन गोष्टी घ्याव्यात. कोल्हापुरात असा शिकवणारा शोधायला लांब जायला नको. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर घालवून घरी बसलेले मिस्त्री गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या हाताला जे ठाऊक आहे ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

मिस्त्री स्वस्त असताना हे कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. टूल लायब्ररी अमेरिका-युरोपात रुजली कारण तिथं प्लंबरला घरी बोलावणं खिशाला जड जातं. आपल्याकडं तीन-चारशे रुपयांत काम होतं, आणि ब्रेकर, शिडी, पालक भाड्यानं देणारी दुकानंही आहेत. त्यामुळं कोल्हापुरात टूल लायब्ररी 'पैसे वाचवा' म्हणत सुरू केली तर ती फार चालेल असं वाटत नाही. भाड्याच्या दुकानाशी तिनं स्पर्धाही करू नये.

पण वर्षातले काही आठवडे असे येतात की पैसे हातात असूनही ना मिस्त्री मिळत, ना मशीन. कोल्हापूरला ते आठवडे तोंडपाठ आहेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २००५, २०१९, २०२१ या वर्षांत पाणी धोका पातळी ओलांडून शहरात शिरलं. पाणी आलं की दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्याला आधी घर सोडावं लागतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तर पूर नेमका गणपतीच्या तोंडावर येतो.

पाणी ओसरल्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. हजारो घरांना एकाच पंधरवड्यात त्याच चार गोष्टी हव्या असतात: चिखल ओढणारा पंप, जोरानं पाणी मारणारं वॉशर, जनरेटर, लांब वायरचे बोर्ड. एरवी या वस्तू कुणालाच लागत नाहीत, म्हणून कुणाकडंच नसतात. त्याच दिवसांत प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडं शंभर घरांची रांग असते.

इथं शिकलेल्या हातांचा हिशोब बदलतो. पुरात बुडालेल्या घरात मेन स्विच लगेच चालू करायचा नसतो. बोर्डात चिखल बसलेला असतो, पाइपातून गेलेल्या वायरींत पाणी असतं. बोर्ड उघडून धुऊन वाळवायचे, इन्सुलेशन टेस्टरनं वायरिंग तपासून घ्यायचं, मग एकेक सर्किट चालू करायचं. टेस्टर लावणं इलेक्ट्रिशियनचं काम, पण बोर्ड उघडणं, चिखल काढणं, वाळवणं हे मेन बंद असल्याची खात्री करून शिकलेला माणूस करू शकतो. मग इलेक्ट्रिशियनचा एका घरातला अर्धा दिवस वाचतो आणि तो पुढच्या घरी जातो. जनरेटर घराबाहेरच ठेवायचा, कारण बंद खोलीत त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. या साध्या गोष्टी आहेत, पण त्या कंबरभर चिखलात उभं राहून पहिल्यांदा ऐकायच्या नसतात.

केरळमध्ये २०१८ च्या पुरानंतर आयटीआयचे विद्यार्थी गटागटानं घरोघरी गेले आणि वायरिंग, पंप, बिघडलेली उपकरणं दुरुस्त करून दिली. शिकलेले हात आणि हत्यारं दोन्ही आधीपासून तयार होती म्हणून ते जमलं.

सुरू करायचं तर?

जागा मोठी लागत नाही. कोल्हापुरात तालमी आहेत, तरुण मंडळांची कार्यालयं आहेत, पेठापेठांत वाचनालयं आहेत. दहा बाय बाराची कोरडी खोली, भिंतीवर फळी, प्रत्येक अवजारामागं त्याची रंगवलेली आकृती म्हणजे काय परत आलं नाही ते दारातून दिसतं. खोली पूररेषेच्या वर हवी, हे सांगायला नको तरी सांगतो.

सुरुवातीला विकत फार घेऊ नये. 'माळ्यावर पडलेलं ड्रिल द्या' असं मंडळाच्या ग्रुपवर टाकलं तर पहिल्या महिन्यात ड्रिल नकोशी होतील इतकी येतील. खर्च करायचा तो धार लावायच्या दगडावर, चष्म्यांवर, एका चांगल्या प्रथमोपचार पेटीवर आणि त्या तपासणाऱ्या मिस्त्रीच्या मानधनावर. तो फुकट राबेल असं गृहीत धरलं की तिसऱ्या महिन्यात तो येत नाही. अनामत अवजाराच्या किमतीइतकी ठेवली तर ज्यांना खरी गरज आहे ते येत नाहीत, अगदी नसली तर वस्तू परत येत नाही. मधला मार्ग म्हणजे थोडी अनामत आणि आधीच्या सभासदाची हमी, पतसंस्थेत जामीन घेतात तशी.

वर्ग मात्र वेळेत घ्यायला हवेत. पंचगंगेला पाणी चढतं ते बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे वायरिंगचा आणि पंपाचा वर्ग मे संपायच्या आत झाला पाहिजे, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक पंप एकदा चालवून, त्यातलं जुनं पेट्रोल बदलून, पाइपचे क्लॅम्प आवळून ठेवले पाहिजेत. वर्षभर न चालवलेला पंप पुराच्या दिवशी सुरू होत नाही.